लक्ष्मीपूजनाला ५१०० चं किट घेऊ का, आणि पूजा माझ्या घरात केली तर चालेल का?

सांगलीहून, विश्रामबागच्या एका मुलीचं पत्र आलंय. चांगलं चार पानी आहे, सगळं देत नाही, मुद्द्याचं तेवढं तिच्याच शब्दांत देते.

"काकू, लग्नाला तीन वर्षं झाली. विश्रामबागला भाड्यानं राहतो, एक खोली आणि किचन. मिस्टर मार्केट यार्डात हळदीच्या अडतीवर दिवाणजी आहेत, मी घरी ब्लाऊज शिवते, फॉल-पिको करते. मागच्या वर्षी मिस्टरांनी मित्राबरोबर भागीत छोटा हत्ती घेतला, धंदा बसला, गाडी विकली तरी कर्ज अंगावर राहिलंच. यंदा खूप वाटतंय की लक्ष्मीपूजन आपल्या घरात करावं. गाव जत तालुक्यात आहे, सासूबाई म्हणतात पूजा थोरल्या घरातच, दोन ठिकाणी केली की लक्ष्मी फुटते. शेजारच्या वहिनींनी एका गुरुजींचा व्हिडिओ दाखवला, सिद्ध श्रीयंत्र, कुबेर पोटली, कमळगट्ट्याची माळ असं किट ५१०० ला आहे, आणि पूजा स्थिर लग्नाच्या ४२ मिनिटांतच करायची नाहीतर उलटं फळ मिळतं म्हणे. ११०० ॲडव्हान्स भरला की किट राखून ठेवतात. त्यात माझी तारीख त्याच दिवसांत येतेय, गोळ्या घेऊ का? आणि मिस्टर म्हणतात काही करू नको, अंगावर कर्ज असताना कसली लक्ष्मीपूजा. मला रडूच आलं. काय करू सांगा."

अगं पोरी, आधी डोळे पूस. आणि मिस्टरांच्या त्या बोलण्यापासनंच सुरुवात करूया, कारण मला वाटतं तुझ्या मनाला खरं तेच लागलंय, बाकीचे प्रश्न त्याच्या मागनं आलेत.

त्यांना रात्री जेवताना शांतपणे विचार, की तुमच्या अडतीवर लक्ष्मीपूजनाला चौरंगावर काय मांडतात? वही मांडतात. सगळा हिशोब कॉम्प्युटरवर गेला, सरकारी वर्ष १ एप्रिलला सुरू होतं, तरी लाल वही येतेच, तिच्यावर श्री काढतात, स्वस्तिक काढतात, शुभ-लाभ लिहितात आणि गंध-फूल वाहतात. आणि त्या अडतीच्या हिशोबात काय नुसती जमाच असते का? शेतकऱ्याला दिलेली उचल असते, व्यापाऱ्याकडनं यायची बाकी असते, बँकेचं सीसी लोन असतं, हमाल-तोलाईची देणी असतात, हे तुझ्या मिस्टरांइतकं कुणाला माहीत असणार, ते तर रोज हेच लिहितात. कर्ज असणाऱ्यानं लक्ष्मीपूजन करायचं नाही असं असतं तर मार्केट यार्डात त्या दिवशी एक पणती लागली नसती. देवीपुढं हिशोब ठेवायचा असतो, आणि तो जसा आहे तसा ठेवायचा, नुसता नफ्याचा नाही. म्हणून मी तर म्हणते यंदा तुमच्या घरात पूजा व्हायलाच पाहिजे, आणि चौरंगावर कर्जाचं पासबुक पण ठेवायचं. लपवून कपाटात नाही. त्याबद्दल पुढं सांगते.

आता किट. नको. ११०० पण नको, ५१०० तर अजिबात नको, आणि ॲडव्हान्स भरला नसशील तर त्या नंबरवर जन्मतारीख, पत्ता, आधारचा फोटो असलं काही पाठवू पण नकोस. श्रीयंत्राला मी नावं ठेवत नाहीये, गैरसमज करून घेऊ नकोस. नऊ त्रिकोण एकमेकांत गुंफलेले आणि त्यातनं त्रेचाळीस छोटे त्रिकोण तयार होतात, ती आकृती फार जुन्या उपासनेची आहे आणि ती उपासना करणारे लोक गुरूकडनं दीक्षा घेऊन वर्षानुवर्षं करतात. कुरिअरनं आलेला पत्रा म्हणजे ती उपासना नव्हे. कमळगट्टा म्हणजे कमळाच्या बिया, कुठल्याही पूजा साहित्याच्या दुकानात माळ मिळते आणि ती नसली तरी पूजेत काही उणं राहत नाही. आपल्याकडच्या लक्ष्मीपूजनात आजी-पणजीनं यातलं काही मांडलेलं नाही.

आणि ही गोष्ट शेजारच्या वहिनींना पण सांग. २०२१ च्या जानेवारीत मुंबई हायकोर्टाच्या औरंगाबाद खंडपीठानं निकाल दिलाय की यंत्रात चमत्कारी शक्ती आहे असा दावा करून ते विकायच्या जाहिराती टीव्हीवर दाखवणं बेकायदेशीर आहे, आपल्या महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याखाली तो गुन्हा होतो. वहिनींनी पैसे भरले असतील आणि आता आणखी काहीतरी दोष निघाला, अमुक शांती करा म्हणून मागणी सुरू झाली असेल, तर १९३० या सायबरच्या हेल्पलाईनला लगेच फोन करायचा, जितका लवकर कराल तितकं पैसे अडवून ठेवायला सोपं जातं. लाजायचं काही कारण नाही त्यात.

मला सगळ्यात चीड येते ती त्या "उलटं फळ" या शब्दांची. ज्या घरात आधीच ओढाताण आहे, बाई रात्री बारापर्यंत मशीनवर बसतीय, तिला सांगायचं की तू पूजा चुकवलीस तर लक्ष्मी कोपेल! आपल्या परंपरेत पूजेच्या शेवटी आपण क्षमाच मागतो, की मला आवाहन येत नाही, विसर्जन येत नाही, पूजा येत नाही, चुकलंमाकलं सांभाळून घे. क्षमाप्रार्थना म्हणतात तिला आणि ती प्रत्येक पूजेत असते. म्हणजे चूक होणारच हे धरूनच पूजा सांगितलीय, मग भीती कशाची घालतात हे लोक. ५१०० म्हणजे तुझ्या किती ब्लाऊजची शिलाई, ते तूच मोज.

वेळेचं पण त्यांनी उगाच गूढ करून ठेवलंय. लक्ष्मीपूजन आश्विन अमावास्येला प्रदोषकाळात करायचं, आणि प्रदोष म्हणजे सूर्य मावळल्यापासनं पुढच्या सहा घटका. एक घटका चोवीस मिनिटांची, म्हणजे दोन तास चोवीस मिनिटं झाली. सांगलीत त्या दिवसांत सूर्य सहाच्या आसपास मावळतो, म्हणजे सहा ते साधारण साडेआठ एवढा वेळ तुझ्या हातात आहे. आता लग्न म्हणजे त्या वेळी पूर्वेला उगवणारी रास, आणि त्या संध्याकाळचं स्थिर लग्न म्हणजे वृषभ लग्न. दिवाळीच्या अमावास्येला सूर्य तूळ राशीत असतोच, मावळताना त्याच्या बरोब्बर समोरची मेष रास पूर्वेला उगवत असते आणि तिच्या मागनं वृषभ येते, त्यामुळं दरवर्षी त्या संध्याकाळी, तारखेप्रमाणं थोडं मागंपुढं, वृषभ लग्न आपोआपच येतं आणि दोन तासांच्या आसपास असतं. कुठल्याही पंचांगात बघ, फुकटात लिहिलेलं असतं. ४२ मिनिटं कुठनं आली देव जाणे. तुझे मिस्टर अडतीवरची पूजा आटपून साडेसात-पावणेआठला घरी आले तरी आरामात होतंय, आणि त्यांना उशीर झाला तर तू दिवे लावून सुरुवात कर, बाईनं पूजेला बसायला काही अडचण नाही.

फक्त तारीख तेवढी आपल्या पंचांगाची धर. अमावास्या दोन दिवसांत विभागली की गोंधळ होतो, २०२४ ला ३१ ऑक्टोबर की १ नोव्हेंबर आणि २०२५ ला २० की २१ ऑक्टोबर यावर किती वाद झाले, उत्तरेकडचे व्हिडिओ एक सांगत होते आणि आपली महाराष्ट्रातली पंचांगं १ नोव्हेंबर आणि २१ ऑक्टोबर सांगत होती. घरातल्या भिंतीवर जे मराठी कॅलेंडर आहे त्यावर जो दिवस असेल तो, आणि सासूबाई ज्या दिवशी करतात तोच. विषय संपला.

सासूबाईंचं मात्र जरा सांभाळून घ्यावं लागेल. त्या खोटं बोलत नाहीयेत, त्यांनी जे बघितलंय ते सांगतायत. कुळाचार थोरल्या घरात असतात हे खरंच आहे, नवरात्राचे घट, गौरी, कुळधर्म हे बऱ्याच घरांत एकाच ठिकाणी होतात आणि सगळे भाऊ तिथं जमतात. पण लक्ष्मीपूजन त्यातलं नाही. ते जिथं चूल आहे, जिथं गल्ला आहे, जिथं काम चालतं तिथं होतं. अडतीच्या मालकांचंच बघ, संध्याकाळी दुकानात पूजा करतात, मग घरी जाऊन घरची करतात, कुणाचं कोल्ड स्टोरेज असेल तर तिथं पण नारळ फोडतात, त्यांची लक्ष्मी तीन ठिकाणी फुटली असं कुणी म्हणत नाही. तुमची चूल वेगळी आहे, भाडं तुम्ही भरता, मशीन तुझं त्या घरात चालतं, मग दिवा त्या घरात लागायला नको का? त्या दिवशी कुलूप लावून अंधार करून गावाला जायचं, हे उलट सासूबाईंनाच पटणार नाही, त्यांना तसंच विचारून बघ.

पण वाद घालून विचारू नकोस. फोन करून म्हण, "आई, यंदा इथं पण दिवा लावावा म्हणतेय, तुम्ही कसं मांडता ते मला सांगा, कलशाला पानं किती लावता, नैवेद्याला काय करता." आणि खरंच लिहून घे, कारण प्रत्येक घराची थोडी वेगळी रीत असते आणि ती त्यांच्याचकडं आहे, मी सांगते ती आमच्या गावभागातल्या घरची आहे. माझं आणि त्यांचं जिथं जुळणार नाही तिथं त्यांचं ऐक. घरातला एखादा जुना तांब्या देता का कलशाला, हे पण विचार. मागितलं की बघ कशा बदलतील त्या. आणि पाडव्याला तुम्ही दोघं गावाला येताय हे त्याच फोनमध्ये सांगून टाक, म्हणजे पूजा तोडली असं त्यांना वाटणार नाही.

आता मांडायचं कसं. आधी केरसुणी. शिंदीची, नवी, मारुती चौकातनं हरभट रोडकडं दिवाळीत रस्त्यावर बसलेल्या बायकांकडनं घे, आणि त्यांच्याशी घासाघीस करू नकोस, वर्षातनं याच चार दिवसांत त्यांचा माल खपतो. तिलाच आपल्याकडं लक्ष्मी म्हणतात, तिला हळदकुंकू लावायचं, चौरंगाच्या बाजूला ठेवायची आणि मग वापरायला काढायची. पाय लागू द्यायचा नाही. मला विचारशील तर सगळ्या पूजेतलं मला सगळ्यात जवळचं वाटतं ते हेच, की घर झाडायच्या वस्तूची पूजा करून मग पैशाची करायची.

चौरंग नसला तर पाट चालेल. वर लाल कापड, ते तर तुझ्याकडं मशीनखाली असेलच, एखादा न शिवलेला ब्लाऊज पीस अंथर. मधे तांदळाची किंवा गव्हाची रास, त्यावर तांब्याचा कलश, आत पाणी, सुपारी, नाणं, वर विड्याची नाहीतर आंब्याची पाच पानं आणि नारळ, शेंडी वर. एका बाजूला विड्याच्या पानावर सुपारीचा गणपती, त्याची पूजा सगळ्यात आधी. लक्ष्मीचा फोटो असेल तो ठेव, चांदीचं नाणं असेल तर ते ताम्हनात घेऊन पंचामृतानं न्हाऊ घाल, नसेल तर घरातला साधा रुपया घे, तोही लक्ष्मीच आहे. एका वाटीत घरातले पैसे, तुझे असतील ते दागिने, मंगळसूत्र गळ्यात असू दे, ते काढायचं नाही. मिस्टरांचा पगार ज्या हळदीतनं येतो ती राजापुरी हळकुंडं पाच ठेव, सांगलीच्या हळदीला २०१८ ला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा सगळ्या पेपरात आलं होतं, तर तुझ्या चौरंगावर ती हवीच की. मशीनला, कात्रीला, टेपला हळदकुंकू लाव. खंडेनवमीला लावलं असशील, तरी परत लाव, घरात येणारा अर्धा पैसा त्यातनं येतोय.

फुलं झेंडू आणि शेवंती, कमळ मिळालं आणि परवडलं तर एक. मंत्रांचं टेन्शन घेऊ नकोस. श्रीसूक्त येत असेल तर म्हण, पंधरा ऋचा आहेत, उच्चार अवघड जातात. नसेल येत तर महालक्ष्म्यष्टक म्हण, आठच श्लोक आहेत आणि सोपे आहेत, आठवड्याभरात पाठ होतील. तेही नको वाटलं तर "महालक्ष्म्यै नमः" म्हणत एकशे आठ वेळा कुंकू किंवा अक्षता वाहा. मोबाईलवर लावून दोघं स्क्रोल करत बसण्यापेक्षा हे शंभर पटीनं बरं.

नैवेद्याला साळीच्या लाह्या, बत्तासे, धणे-गूळ आणि दुधात किंवा खव्यात साखर, लवंग, वेलची घालून. लाह्याच का, तर नवीन भात निघायच्या तोंडावर दिवाळी येते, शिराळ्याकडं जाऊन बघ त्या दिवसांत शेतं कशी पिवळी झालेली असतात, ते नवं धान्य आधी देवीला. हे सगळं मिळून फार तर तीन-चारशे रुपयांत होतंय. आरती झाली की लाह्या-बत्तासे वाटीत घालून बिल्डिंगमधल्या चार घरी दे, किटवाल्या वहिनींना पहिल्यांदा.

पणत्या दारात, तुळशीपाशी, किचनमध्ये पाण्याच्या जागी आणि मशीनजवळ, पण मशीनजवळची चिंध्यांपासनं लांब ठेव बाई. रात्रभर समई ठेवायची असेल तर परातीत थोडं पाणी घालून त्यात ठेव, एका खोलीत कापडाचे गठ्ठे, पडदा, अंथरूण सगळं जवळजवळ असतं. दार संध्याकाळी पूजेच्या वेळी उघडं ठेवायचं, झोपताना सरळ कडी लावायची, लक्ष्मी कडी लावली म्हणून परत जात नाही.

धनत्रयोदशीचं तू विचारलं नाहीस, पण घडणावळ माफ, आज घ्या नंतर भरा असे मेसेज तुला येत असणार म्हणून सांगते. एक ग्रॅमचं नाणं सुद्धा यंदा हप्त्यावर घेऊ नकोस. सोन्यावर तीन टक्के जीएसटी जातो, नाणं घडवायचे पैसे वेगळे, आणि क्रेडिट कार्डचं बिल लांबलं तर महिन्याला तीन-साडेतीन टक्क्यांनी व्याज लागतं, म्हणजे वर्षाला चाळीसच्या आसपास. असलं सोनं घरात आणून कुठली भरभराट होणार. त्या दिवशी धणे आण, धन्वंतरीची आठवण म्हणून नमस्कार कर, संध्याकाळी कणकेचा दिवा दक्षिणेला तोंड करून लाव, झाली धनत्रयोदशी. कधी रोखीनं घेशील तेव्हा हॉलमार्क आणि सहा अक्षरी एचयूआयडी नंबर बघूनच घे.

आता वहीचं. एक साधी शंभर पानी वही घ्या दोघांनी मिळून. पहिल्या पानावर श्री, स्वस्तिक. दुसऱ्या पानावर मिस्टरांच्या हातानं, कारण त्यांचं अक्षर हिशोबाचं आहे आणि त्यांनी लिहिलं तरच हे दोघांचं होईल: कर्ज किती राहिलंय, हप्ता किती, कुठल्या तारखेला जातो, व्याज किती, कागदावर कुणाकुणाची सही आहे. भागीदार मित्राचा वाटा किती आणि तो देतोय का, हेही. बँकेतनं स्टेटमेंट काढून आणून त्या वहीत ठेवा आणि तीच वही चौरंगावर. मिस्टर नाही म्हणतायत ते मला वाटतं देवीपुढं लाज वाटते म्हणून, तुझ्यापुढं पण वाटत असेल. मांडून पूजा झाली की बोलायला तोंड सुटेल त्यांचं.

आणि एक विचार त्यांना, गाडी विकली म्हणालीस, तर आरसी, म्हणजे गाडीच्या नोंदणीचा कागद, नवीन मालकाच्या नावावर झाली का? नुसत्या स्टॅम्प पेपरवर लिहून गाडी दिली असेल तर अजून मालक तुम्हीच आहात, उद्या त्या गाडीनं कुणाला ठोकलं तर भरपाईची नोटीस ज्याच्या नावावर आरसी आहे त्याला येते, सुप्रीम कोर्टानं २०१८ मध्ये हे स्पष्ट केलंय. दिवाळीच्या सुट्टीआधी आरटीओतनं हे बघून घ्या. हे मी पूजेच्या पत्रात का लिहितेय असं वाटेल तुला, पण घरात पैसा टिकावा म्हणूनच पूजा करतोय ना आपण.

गोळ्यांचं शेवटी ठेवलं कारण त्यावर मला नीट बोलायचंय. दिवाळी आली की किती बायका मेडिकलमधनं परस्पर गोळ्या आणतात, सासूला कळू न देता, नवऱ्याला न सांगता. त्या बहुतेक नॉरेथिस्टेरॉनच्या असतात, हार्मोनच्या. पाळीच्या साधारण तीन दिवस आधी सुरू कराव्या लागतात, आदल्या दिवशी घेऊन काही उपयोग नाही, आणि बंद केल्या की दोन-तीन दिवसांत पाळी येते. ज्यांना कधी रक्ताची गाठ झालीय, लिव्हरचा त्रास आहे, किंवा दिवस गेले असण्याची शक्यता आहे, त्यांनी तर घ्यायच्याच नाहीत. तुझ्या लग्नाला तीन वर्षं झालीयत, ही शेवटची गोष्ट नीट लक्षात घे. घ्यायच्याच असतील तर आधी डॉक्टरांना दाखव, वहिनींनी उरलेलं पाकीट दिलं म्हणून नाही.

पण का घ्यायच्या? देवीला बाईच्या पाळीचा विटाळ होतो हे मला पटत नाही, कधीच पटलेलं नाही. आसामात कामाख्येला तर देवीच्याच पाळीचा उत्सव करतात, अंबुबाची म्हणतात त्याला, तीन दिवस देऊळ बंद आणि मग लाखो लोक दर्शनाला. तरी तुझ्या मनाला खटकत असेल तर मी जबरदस्ती करणार नाही, मन थाऱ्यावर नसताना केलेल्या पूजेत समाधान नसतं. मग असं कर, तारीख आलीच तर मिस्टर पूजेला बसतील, तू शेजारी बसून सांग, आता कुंकू, आता अक्षता, आता नैवेद्य. रांगोळी, फराळ, पणत्या सगळं तुझंच असणार. पूजा घराची आहे, दोघांतलं कुणीही बसलं तरी ती होते.

दुसऱ्या दिवशी बहुतेक पाडवा असतो, कधी मधे एक दिवस जातो, कॅलेंडरवर बघून घे. सकाळी चौरंगावर अक्षता वाहून कलश हलवायचा, पाणी तुळशीला आणि घरात शिंपडायचं, तांदूळ डब्यात, नारळाचं प्रसादाला काहीतरी गोड. निर्माल्य प्लास्टिकच्या पिशवीसकट कृष्णेत टाकू नकोस, कुंडीत मातीखाली घाल. वही आणि पैसे कपाटात ठेव. पाडव्याला मिस्टरांना ओवाळ आणि निघा जतला, दिवाळीत स्टँडवर उभं राहायला जागा नसते म्हणून आधीच रिझर्वेशन करा, तुला एसटीत अर्धं तिकीट आहेच. जाताना सासूबाईंना प्रसादाच्या लाह्या आणि त्यांनी तांब्या दिला असेल तर तो घासूनपुसून घेऊन जा.

तुझी काकू